पुस्तकाआधीची बैठक : गिरगावपासून धानोऱ्यापर्यंत

छापील पुस्तक वाचकाच्या हाती पडते तेव्हा त्यावर दोनच नावे ठळकपणे दिसतात, एक लेखकाचे आणि दुसरे प्रकाशन संस्थेचे. परंतु त्या पुस्तकाच्या सिद्धतेला हस्तलिखिताची निवड करणारा संपादक, अक्षरजुळणी करणारा कारागीर, छपाईपूर्वीच्या प्रतीतील चुका हेरणारा मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार, मुद्रक, बांधणीकार, वितरक आणि विक्रेता अशा अनेकांचा हातभार लागलेला असतो. मराठी ग्रंथव्यवसाय बहुतांशी छोट्या, घरगुती स्वरूपाच्या संस्थांचा असल्यामुळे ही सारी माणसे एका छपराखाली, एका मालकाच्या नोकरीत क्वचितच असतात, आणि त्यांचे परस्परसंबंध कराराइतकेच परिचयावर व विश्वासावर चालतात. हा परिचय जिथे होतो आणि टिकतो ते ठिकाण म्हणजे बैठक : कधी प्रकाशकाच्या कचेरीतील संध्याकाळचा चहा, कधी पुस्तकांच्या दुकानातील गप्पांचा अड्डा, कधी इराण्याच्या हॉटेलातील ठरलेले टेबल. तिला अध्यक्ष नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते, इतिवृत्तही नसते; तरीही मराठीतील अनेक महत्त्वाच्या पुस्तकांचा व नियतकालिकांचा उगम शोधू गेल्यास तो अशा एखाद्या बैठकीपाशी सापडतो. म्हणूनच या बैठकांना फावल्या वेळेतील विरंगुळा न मानता ग्रंथव्यवसायाचे एक आवश्यक अंग मानले पाहिजे, आणि त्यांची दारे कोणासाठी उघडी असतात हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला पाहिजे.

बैठक नेमके काय करते

प्रकाशकाची सर्वांत मोठी अडचण अंदाजाची असते. मराठी पुस्तकाची आवृत्ती दीर्घकाळ हजार प्रतींच्या आसपास राहिली. कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च आधी करावा लागतो, पुस्तक मात्र वितरकाकडून दुकानांत आणि ग्रंथालयांत सावकाश जाते, आणि विक्रीची रक्कम त्याहूनही सावकाश परत येते. वितरक म्हणजे अनेक प्रकाशकांची पुस्तके घेऊन ती गावोगावच्या विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ. छापील किमतीतील मोठा वाटा त्याच्या आणि विक्रेत्याच्या सवलतीत जातो. अशा स्थितीत कोणत्या विषयाची मागणी वाढते आहे, कोणत्या शहरातून पैसे वेळेवर येतात, कोणता नवा लेखक लक्ष ठेवण्याजोगा आहे, कोणत्या छापखान्यात काम नेटके होते, ही माहिती प्रकाशकाला भांडवलाइतकीच मोलाची असते. ती कोणत्याही अहवालात छापली जात नाही. एकमेकांना ओळखणारी माणसे निवांत बसली की बोलण्याच्या ओघात ती बाहेर येते.

दुसरे काम हस्तलिखिताच्या पारखीचे असते. नवे लेखन प्रथम जाणकारांच्या छोट्या वर्तुळात वाचले जाते, त्यावर मतभेद होतात, लेखकाला काय साधले आणि काय निसटले हे समोरासमोर सांगितले जाते, आणि त्या चर्चेतून प्रकाशकाला पुस्तकावर पैसा घालण्याचा धीर येतो किंवा थांबण्याची सूचना मिळते. तिसरे काम शिक्षणाचे आहे. मुद्रितशोधन, संपादन किंवा मुखपृष्ठरचना या कलांचे रीतसर शिक्षण मराठीत फारसे उपलब्ध नसल्यामुळे नवशिक्या माणसाला ज्येष्ठांच्या सहवासातच व्यवसाय शिकावा लागतो, आणि हा सहवास कामाच्या वेळेपेक्षा कामानंतरच्या गप्पांत अधिक लाभतो.

ही गरज केवळ मराठीची नाही. अठराव्या शतकातील लंडनमध्ये पॅटरनॉस्टर रो या पुस्तकव्यापाऱ्यांच्या रस्त्यावरील चॅप्टर कॉफी हाऊसमध्ये, प्रकाशनही करणारे ग्रंथविक्रेते नेमाने जमत असत. एकट्याला न पेलणाऱ्या मोठ्या ग्रंथाचा खर्च अनेकांनी वाटून घ्यावा आणि त्याप्रमाणात विक्रीचा हक्कही वाटून घ्यावा अशी पद्धत त्या व्यवसायात रूढ होती, आणि तिच्या मुळाशी अशा बैठकांतून जुळलेला विश्वास होता. १७७७ मध्ये लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांनी एकत्र येऊन डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्याकडे इंग्रज कवींची चरित्रे लिहिण्याचे काम सोपवले, तेही याच प्रकारच्या सहकार्याचे फळ होते. त्याच देशात १९४९ मध्ये सोसायटी ऑफ यंग पब्लिशर्स ही तरुण प्रकाशन-कर्मचाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तर त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या फ्रँकफर्टच्या ग्रंथजत्रेत दिवसभराच्या सौद्यांइतकेच महत्त्व संध्याकाळच्या भेटीगाठींना आले.

संमेलनापासून चहाच्या टेबलापर्यंत

महाराष्ट्रात ग्रंथांच्या निमित्ताने एकत्र येण्याचा पहिला मोठा प्रयत्न मे १८७८ मध्ये पुण्यात झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी ग्रंथकारांना एकत्र बोलावले, आणि मराठी ग्रंथनिर्मितीला चालना मिळावी हा त्यामागील हेतू होता. पुढे १८८५ मध्ये दुसऱ्या ग्रंथकार संमेलनाचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना आले तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क जे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात हे पत्र अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण ग्रंथांसाठी जमणाऱ्या मंडळींत कोण बसतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न त्यात अगदी आरंभीच विचारला गेला.

विसाव्या शतकात संमेलनाचे मोठे रूप चालू राहिले, पण पुस्तके घडवण्याचे काम छोट्या बैठकांकडे आले. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर, वि. द. घाटे आदी मित्रमंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत. या भेटींतूनच मंडळ उभे राहिले आणि त्याने आपल्या सभासदांचे संग्रह स्वतःच प्रकाशित केले. मैत्रीच्या बैठकीतून प्रकाशन संस्था जन्माला येते, आणि प्रस्थापित प्रकाशकाची वाट न पाहता आपल्या पिढीची कविता वाचकांपुढे ठेवता येते, हे या मंडळाने दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईचे गिरगाव हे अशा बैठकांचे केंद्र बनले. खटाववाडीतील मौजेच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकांशी तासन् तास बोलत, हस्तलिखितातील एकेका परिच्छेदावर चर्चा करीत, आणि त्या संवादातून ‘सत्यकथा’ मासिकातील कथा व कविता आणि पुढे मौज प्रकाशन गृहाची पुस्तके घडत गेली. १९३३ मध्ये सुरू झालेले हे मासिक १९८२ मध्ये बंद पडले. तोवर नवकथा आणि नवकाव्य या दोन्ही प्रवाहांना त्याने जो आधार दिला, त्यामागे छापील पानांइतकाच या कचेरीतील प्रत्यक्ष सहवास होता. त्याच परिसरातील मॅजेस्टिक बुक स्टॉलमध्ये केशवराव कोठावळे यांच्याभोवती लेखक, विक्रेते आणि वाचक यांचा मेळा जमत असे. १९६४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहिलेले सदर साहित्यविश्वातील गप्पांचे वातावरण घरोघरच्या वाचकांपर्यंत घेऊन गेले, आणि विलेपार्ल्यातील ‘मॅजेस्टिक गप्पा’ या कार्यक्रमाने दुकानातील मैफल सभागृहात आणून सर्वांसाठी खुली केली.

दाराबाहेरच्यांनी मांडलेल्या बैठका

परिचयावर चालणाऱ्या वर्तुळाला परिघही असतो, आणि त्या परिघाबाहेर राहिलेल्या लेखकांनी आपापल्या बैठका मांडल्या. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांची चळवळ, म्हणजे मोजक्या प्रतींत, स्वखर्चाने आणि प्रस्थापित अभिरुचीची पर्वा न करता काढलेल्या अंकांची चळवळ, अशीच मित्रांच्या अड्ड्यांतून उभी राहिली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली; कोणते लेखन साहित्य म्हणून स्वीकारायचे हे एका वर्तुळाने ठरवावे, याला दिलेले ते जाहीर आव्हान होते. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात जमणाऱ्या दलित तरुणांच्या चर्चांतून कविता, नियतकालिके आणि राजकीय चळवळ एकाच वेळी आकार घेत होती, तर काळा घोडा परिसरातील वेसाइड इन या उपाहारगृहात दर गुरुवारी दुपारी अरुण कोलटकर यांच्याभोवती कवी, चित्रकार आणि प्रकाशक मित्र जमत असत. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने कोलटकरांची मराठी पुस्तके ज्या आस्थेने काढली, तिचे मूळ अशा दीर्घ मैत्रीत होते. १९७६ मध्ये कोलटकरांसह चार कवींनी क्लिअरिंग हाऊस नावाची सामाईक प्रकाशन संस्था उभारून ‘जेजुरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा लेखकांनी स्वतःच प्रकाशक होण्याचा मार्ग मुंबईच्या इंग्रजी कवितेतही रुजला.

त्याच दशकात दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा पत्रकार-लेखक मित्रांच्या विचारविनिमयातून ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी राहिली. वाचकाला आधी सभासद करून घ्यावे आणि त्याच्या पाठबळावर पुस्तक काढावे, ही तिची कल्पना होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. व्यवसायाबाहेरच्या माणसांची बैठक व्यवसायाची दिशा बदलू शकते, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

खानदेशाचा अनुभव

गिरगाव आणि पुण्याची सदाशिव पेठ यांच्यापासून दूर असलेल्या खानदेशाला या परिचयाच्या वाटेची किंमत चांगलीच ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातून आलेल्या ओव्या आणि गाणी घरातील माणसांनी वहीत टिपून ठेवली होती. १९५१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती आचार्य अत्र्यांना ऐकवली, अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. सोपानदेवांची अत्र्यांकडे ऊठबस नसती तर ही वही घरातच राहिली असती, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. कारण अशा किती वह्या अत्र्यांपर्यंत पोहोचू शकल्या नसतील, याची गणना होणे शक्य नाही. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ही १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली ती रा. ज. देशमुख यांच्याशी झालेल्या परिचयातून आणि त्यांच्या आग्रहातून.

या दोन्ही उदाहरणांत लेखनाला शहराकडे जावे लागले. सुगावा प्रकाशनाची वाट थोडी वेगळी होती. मूळचे धुळे जिल्ह्यातील विलास वाघ आणि त्यांच्या पत्नी उषाताई वाघ यांनी पुण्यात चालवलेली ही संस्था दलित, आदिवासी आणि परिवर्तनवादी लेखनाचे हक्काचे घर बनली, आणि तिथे गावोगावचे कार्यकर्ते सहज येऊन बसत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये सुगावानेच प्रसिद्ध केला. आदिवासींचे दुःख इतरांनी व्यासपीठावरून सांगावे आणि आदिवासींनी ते खाली बसून ऐकावे, या स्थितीवर सोनवणे यांनी आपल्या कवितेतून नेमके बोट ठेवले, आणि जोतीरावांच्या पत्रातील प्रश्न शंभर वर्षांनंतरही जिवंत असल्याचे दाखवून दिले.

बैठकीच्या मर्यादा

बैठकीचे गुण सांगताना तिचे दोषही स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. परिचयातून काम मिळते तिथे अपरिचितावर नकळत अन्याय होतो. समान अभिरुचीची माणसे एकमेकांचीच पुस्तके वाचू आणि वाखाणू लागली की वर्तुळ बंदिस्त होते. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या, हॉटेलात किंवा एखाद्याच्या खोलीवर भरणाऱ्या बैठकांत स्त्रियांना सहजपणे सामील होता येत नसे, आणि त्यामुळे संपादनात व मुद्रितशोधनात मोठे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया निर्णयाच्या जागेपासून दूर राहिल्या. पगारी कर्मचारी, अक्षरजुळणी करणारे आणि बांधणी कामगार यांचेही स्थान या गप्पांत क्वचितच असे.

याखेरीज एक व्यावहारिक धोका असतो. बैठकीत दिलेला शब्द कितीही मनापासून दिलेला असला तरी तो कराराची जागा घेऊ शकत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाने आपला हक्क दुसऱ्याला दिला असे मानण्यासाठी ते लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून परिचय बैठकीत व्हावा, पण मानधन, आवृत्तीतील प्रतींची संख्या, अनुवादाचे हक्क आणि हिशेब देण्याची वेळ या गोष्टी कागदावरच याव्यात, हा नियम नव्या लेखकाने आणि नव्या प्रकाशकाने सारख्याच काटेकोरपणे पाळला पाहिजे.

धानोऱ्याची बैठक

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि भिलीची अनेक रूपे, मावची, पावरी, अहिराणी, गुजरी व मराठी या बोली बाजारात आणि घराघरात एकमेकींशेजारी नांदतात. याच जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावात लिहू पाहणाऱ्या तरुणाला मुंबई किंवा पुण्याची बैठक गाठायची तर शेकडो किलोमीटरचा प्रवास, मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब आधी करावा लागतो. तिथे पोहोचल्यावरही त्याची भाषा समजणारा मुद्रितशोधक त्याला भेटेल याची खात्री नसते. भाषेने समृद्ध असलेल्या प्रदेशाने ग्रंथांच्या बाबतीत गरीब राहावे, यामागे प्रतिभेचा अभाव नसून बैठकीपासूनचे हे अंतर आहे.

हे अंतर उलट्या दिशेनेही कापता येते. प्रकाशक, संपादक आणि मुद्रक यांनी धानोऱ्याला येऊन बसावे, ही कल्पना ऐकताना जितकी अवघड वाटते तितकी प्रत्यक्षात नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार हे स्थानक जिल्ह्याला मुंबई, सुरत आणि जळगाव यांच्याशी जोडते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावी अनुदानप्राप्त वाचनालयांची परंपरा निर्माण झाली आहे, आणि जिल्हास्तरीय ग्रंथोत्सवांच्या निमित्ताने प्रकाशक व विक्रेते जिल्ह्याच्या ठिकाणी येतातच. ग्रंथोत्सवाला जोडून एक दिवस आधी किंवा नंतर एखाद्या गावातील शाळेत किंवा वाचनालयात, व्यासपीठ आणि हारतुरे टाळून, सर्वांनी एकाच सतरंजीवर बसून लेखन ऐकावे, एवढीच त्यासाठी गरज आहे.

अशा बैठकीला स्थानिक जीवनाचे वेळापत्रक मात्र मानावे लागेल. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातकडे स्थलांतर करतात, आणि होळीला गावी परतणे हा त्यांच्या वर्षाचा महत्त्वाचा टप्पा असतो. म्हणून होळीच्या आगेमागे किंवा सारंगखेड्याची यात्रा भरते त्या दत्तजयंतीच्या सुमारास बैठक ठेवली तर माणसे जमतील, आणि शहरातील सोयीने ठरवलेल्या तारखेला ती भरवली तर खोल्या रिकाम्या राहतील.

या बैठकीत एक काम असे होऊ शकेल जे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही कचेरीत होणार नाही, आणि ते म्हणजे बोलीतील मजकुराचे सामूहिक मुद्रितशोधन. भिली किंवा पावरीतील उच्चार देवनागरीत कसे लिहावेत याबाबत एकमत नसते, आणि त्या भाषेचा परिचय नसलेला मुद्रितशोधक प्रमाण मराठीच्या सवयीने योग्य शब्दही दुरुस्त करून बिघडवतो. छपाईपूर्वीची प्रत गावात मोठ्याने वाचली गेली, आजीने एखादा शब्द सुधारला, शिक्षकाने त्याचे लेखन सुचवले आणि अक्षरजुळणी करणाऱ्याने ते तिथेच टिपून घेतले, तर पुस्तक अधिक शुद्ध होईल आणि ते आपले असल्याची भावनाही गावात रुजेल. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड पुण्याच्या पद्मगंधा प्रकाशनाने २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला, तेव्हा त्या त्या भाषा जाणणाऱ्या माणसांना लिहिते करूनच ते काम पुरे झाले. एका ग्रंथासाठी जे शक्य झाले ते नियमित सवयीने अनेक ग्रंथांसाठी करता येईल.

मराठी प्रकाशनाचा इतिहास सांगतो की प्रत्येक नव्या प्रवाहाने आधी आपली बैठक मांडली आणि मग आपली पुस्तके आणली. रविवारच्या चहाने कवितासंग्रह दिले, वसतिगृहातील चर्चांनी दलित साहित्याला बळ दिले, मित्रांच्या विचारविनिमयाने वाचक चळवळ दिली. सातपुड्याच्या आणि तापीच्या खोऱ्यातील भाषांची पाळी आता आली आहे. त्यासाठी मोठ्या निधीची वा भव्य सभागृहाची वाट पाहण्याचे कारण नाही. हस्तलिखित काळजीपूर्वक ऐकणारा एक संपादक, खर्चाचा खरा आकडा सांगणारा एक मुद्रक, लेखी करार करणारा एक प्रकाशक आणि आपल्या भाषेत निःसंकोच बोलणारे गावकरी एवढे एकत्र आले तरी धानोऱ्यात पुस्तकाची सुरुवात होऊ शकते, आणि ती व्हावी यासाठी पहिले पाऊल शहरातील ग्रंथव्यवसायानेच उचलले पाहिजे.